आकडा आधी बोल

मिरज,
आषाढ शुद्ध द्वितीया

चि. शाल्मली हिस,


परवा फोनवर तू विचारलंस, पुण्यात गाणं ऐकणारे इतके आहेत, मग त्याचे पैसे देणारे कुठे भेटतात? घरात पाहुणे होते, कुकर चालू होता, म्हणून उत्तर अर्धंच राहिलं. एकतीस वर्षं पुण्यात पेटीची साथ करून मी घर चालवलं. त्या जोरावर आज सगळं सविस्तर लिहिते.

बोलता बोलता तू आणखी एक गोष्ट सांगितलीस, ती मला फार टोचली. वैशाखातल्या त्या कार्यक्रमाचे पैसे अजून आलेले नाहीत आणि तबल्याला बसलेला मुलगाही त्यासाठी थांबलाय. "किती ठरले होते?" असं मी विचारलं, तर तू म्हणालीस, "तसं काही बोलणं झालं नव्हतं." शाल्मली, तुझी खरी अडचण तिथे आहे. ज्याच्याशी आकड्याचं बोलणं झालं नाही, त्याने तुला काम दिलेलंच नसतं. त्याने फक्त बोलावलेलं असतं.

पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव तू कितीदा ओलांडलं असशील. विठाबाई नारायणगावकरांचं ते गाव. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी येतात. कोणता फड, कोणत्या यात्रेची कोणती रात्र, रक्कम किती, हे समोरासमोर बसून ठरतं. घासाघीस होते, सुपारी दिली जाते आणि तारीख पक्की होते. त्यात कुणालाच कमीपणा वाटत नाही. मी एकदा एका ढोलकीवाल्या दादांबरोबर तिथे गेले होते आणि दुपारभर नुसतं ऐकत बसले. शिकल्या-सवरलेल्या घरांतून गाण्यात आलेल्या आपल्यासारख्यांना ही रीत कुणी शिकवत नाही. आपल्याला दिलेला शब्द 'मानधन'. त्यात मान पुढे उभा असतो, म्हणून धनाबद्दल विचारायला जीभ रेटत नाही.

माझं काय झालं ते सांगते. पहिल्यांदा स्वतःच्या नावावर दिवाळी पहाट घेतली तेव्हाची गोष्ट. उपनगरातलं एक सांस्कृतिक मंडळ होतं. "तुम्ही घरच्याच, मानधनाचं बघू आपण," असं ते म्हणाले आणि मी हसून मान डोलावली. पहाटे चारला उठून आम्ही पाच जण गेलो. कार्यक्रम रंगला, शाल-श्रीफळ झालं, हातात पाकीट आलं. रिक्षात उघडून पाहिलं तर १५०० रुपये, पाच जणांचे मिळून. गायिकेला आणि बाकी तिघांना मी त्या दिवाळीत माझ्या साठवलेल्यातून पैसे दिले. मंडळाची माणसं वाईट नव्हती. त्यांनी मांडवाला, फराळाला, हारांना भाव विचारून पैसे दिले होते. माझा भाव मीच सांगितला नव्हता.

आता काम कुठून येतं ते सांगते. पुण्यात ते पंचांगाने येतं, हे पक्कं लक्षात ठेव. पाडव्यापासून रामनवमीपर्यंत एक हंगाम, आषाढीला अभंगांचा, मग गणपती, नवरात्र, कोजागिरी, आणि वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत पहाटेचे कार्यक्रम. तुळशीचं लग्न लागलं की लग्नघरांचे. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि ८ मार्चला महिला दिन, तेव्हा कंपन्या नि बँका शोधाशोध करतात. पितृपक्षात कुणी बोलवत नाही. ते पंधरा दिवस तालमीचे. पण काम मिळतं ते सणाच्या दिवसांत नाही, त्याच्या कितीतरी आधी. महापालिकेच्या नाट्यगृहांच्या तारखा काही महिने आधीच दिल्या जातात, त्यामुळे दिवाळी पहाट करणारे आयोजक श्रावणातच कलाकार ठरवायला लागतात. तू आश्विनात फोन केलास तर तुला "पुढच्या वर्षी नक्की" एवढंच ऐकायला मिळेल.

फोन कुणाला करायचा? आधी साथीदारांना. माझी निम्म्याहून जास्त कामं तबलेवाल्यांनी आणि निवेदकांनी सांगितलेली होती. चांगला तबलेवाला महिन्यात दहा वेगवेगळ्या गायकांबरोबर बसतो. कोण आजारी आहे, कोणत्या मंडळाला या वर्षी नवा आवाज हवाय, हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं. साउंडवाल्यांनाही विसरू नकोस. वेळेवर येणारी, माइकवरून न भांडणारी मुलगी त्यांच्या चांगली लक्षात राहते आणि आयोजक त्यांनाच विचारतो, "कोण बरं आहे हो सध्या?" डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला रोज जाऊन बस. १९५३ पासून चालत आलेल्या त्या महोत्सवात तुला गायला मिळावं म्हणून नव्हे, तर गाव‌भरचे आयोजक, साथीदार नि जाणकार त्या दिवसांत तिथे एकत्र सापडतात म्हणून. आणि ऐकायला मिळतं ते वेगळंच.

मग सोसायट्या, ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळं, पंचाहत्तरी आणि सहस्रचंद्रदर्शनाची घरं. तुझ्या वयाची मुलं यांना लहान समजतात. मला तसं कधी वाटलं नाही. घरगुती बैठकीत चाळीस माणसं समोर बसून ऐकतात, पैसे ठरल्याप्रमाणे त्याच दिवशी देतात, आणि त्यातल्या दोघांच्या घरी पुढे लग्न असतं.

कोरेगाव पार्क, बाणेरकडच्या कॅफेंचं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तिथे तरुण मुलांबरोबर मी थोडं वाजवलं, तेवढ्यावरून सांगते. आधी एका संध्याकाळी गिऱ्हाईक म्हणून जाऊन बस. स्पीकर कुणाचे आहेत, लोक गाणं ऐकतात की गप्पा मारतात, ते बघ. मालकाशी बोलायला शनिवारची रात्र नको, मंगळवारची दुपार बघ. ठरलेली रक्कम देणार की तिकिटातला वाटा, किती वेळ गायचं, मध्ये किती विश्रांती, हे विचार. वाट्यावर गायचं असेल तर तिकिटं कोण मोजणार तेही ठरव.

तुझी ध्वनिफीत, म्हणजे आताचा तो व्हिडिओ, मी पाहिला. पहिली वीस सेकंदं नुसतं नाव नि धूर! निवड करणारा माणूस तो समितीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो आणि तिथले लोक भाजी निवडता निवडता बघतात. पहिल्याच क्षणाला तुझा सूर लागलेला असू दे. एकाच दमात, न कापता, समोर माणसं बसलेली असताना घेतलेली दोन गाणी पुरेत: एक लोकांच्या ओळखीचं, एक तुझं.

तुझ्या स्वतःच्या चालींची तुला काळजी वाटते, लोक ओळखीचंच मागतात म्हणून. गजाननराव वाटव्यांचं नाव तू ऐकलं असशील. आपल्या काळातल्या कवींच्या कविता घेऊन, स्वतः चाली लावून ते गणपतीच्या मांडवांतून, जाहीर कार्यक्रमांतून गायले आणि भावगीत घराघरांत गेलं. त्या वेळी त्या चाली नव्याच होत्या की! तीन ओळखीच्या गाण्यांमागे एक तुझं, असं सुरू कर. आणि वर्षातून दोनदा एखादं छोटं सभागृह घेऊन फक्त स्वतःच्या गाण्यांचा तिकीट लावलेला कार्यक्रम कर. लोक तिकीट काढत नाहीत असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. मी जिथून हे लिहिते आहे त्या मिरजेत विष्णु दिगंबर पलुसकर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. १८९६ साली ते इथून बाहेर पडले, लोकांसमोर तिकीट लावून गायले आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही राजाश्रयावर न विसंबता. आज आपण तिकिटाची रक्कम उघडपणे छापतो, ती वाट त्यांच्यासारख्यांनी पाडलेली आहे.

आता आकडा. तो खालून वर बांधायचा. समज, तबला ४०००, कीबोर्ड ४०००, गाडी १५००, तालमीचा खर्च ५००. हे झाले १०,०००. कुणी १२,००० म्हटलं तर तुझ्या वाट्याला २००० येतात, आणि त्यात दोन तालमी, साउंड चेक, जाणं-येणं धरून तुझे तीन दिवस गेलेले असतात. हे गणित कागदावर मांडून बघितलंस की "एवढ्यात जमणार नाही" हे वाक्य न चिडता बोलता येतं. पैसे कमी असतील तर कलाकार कमी कर, एकटी गिटार घेऊन जा. साथीदारांचे पैसे कापून कार्यक्रम मोठा करू नकोस. फुकट गायचं ते तू स्वतः ठरवून गा: गुरूंच्या पुण्यतिथीला, देवळात, मैत्रिणीच्या बारशाला. "तुमची ओळख होईल" म्हणून बोलावणाऱ्याकडे नाही. तो मंडपवाल्याला असं म्हणत नाही.

फोनवर ठरलं की त्याच संध्याकाळी लिहून पाठव. तारीख, जागा, वेळ, किती वेळ गायचं, किती माणसं येणार, एकूण रक्कम, निम्मा विसार कधी, उरलेले मंचावर जाण्याआधी. रात्री परतायला गाडी आणि कपडे बदलायला खोली, हेही लिही. मुलीने हे मागताना संकोचू नये. विसार आल्याशिवाय तारीख अडवून ठेवायची नाही. आणि एक ओळ माझ्या अनुभवातली: सत्कार, भाषणं लांबली आणि गाण्याचा वेळ कमी झाला तरी रक्कम पूर्ण. उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, हा २००० सालापासूनचा नियम. सरकार सणांचे मोजकेच दिवस १२ पर्यंत सवलत देतं. त्यामुळे भाषणांनी खाल्लेला वेळ नेहमी आपल्याच गाण्यातून जातो.

कायद्याचं थोडक्यात. कंपनी पैसे देताना कर कापते, त्याचं प्रमाणपत्र मागून घे. चाली तुझ्या आहेत, तर आयपीआरएसची सभासद हो. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी ती संस्था गोळा करते. आणि कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण तुझ्या संमतीशिवाय कुणी करून विकू शकत नाही. कलाकाराचा तो हक्क १९९४ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्यात आहे.

एवढं सगळं एका दमात जमणार नाही, मलाही दहा वर्षं लागली. पण दोन कामं या आठवड्यातली आहेत. श्रावण जेमतेम चार आठवड्यांवर आलाय, तेव्हा पहिले फोन उद्याच कर. आणि त्याआधी त्या तबल्याच्या मुलाचे वैशाखातले पैसे, आयोजकाची वाट न बघता, स्वतःच्या खात्यातून देऊन टाक. कमी पडले तर मला सांग, मी पाठवते.

तुझी,
मावशी