जमीन थोडी, देश मोठा

प्रशांत महासागरातल्या तुवालूची बातमी आली की ‘बुडणारा देश’ हे बिरुद तिच्यासोबत येतंच. 2021 मध्ये त्यांचे मंत्री सायमन कोफे यांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून भाषण केलं, ते जगानं पाहिलं. जग हळहळलं. मला ही हळहळ आखूड वाटते, कारण ती फक्त जमीन मोजते.

जमीन खरंच थोडी आहे. नऊ बेटं मिळून 26 चौरस किलोमीटर, आणि त्यावर दहा-अकरा हजार माणसं. पण राजधानी फुनाफुटीचा नकाशा नीट पाहावा. प्रवाळांचं एक तुटकं कंकण, त्यावर अडीच चौरस किलोमीटरही न भरणारी जमीन, आणि कंकणाच्या आत 275 चौरस किलोमीटरचं लगून. मासे तिथले, जहाजांचा नांगरही तिथेच. 1943 मध्ये अमेरिकी सैन्यानं धावपट्टीसाठी बेटच खणलं. ते खड्डे सत्तरेक वर्षं तसेच राहिले आणि 2015 मध्ये लगूनच्या वाळूनं बुजवले गेले. अलीकडे किनाऱ्याला जोडलेली सुमारे सात हेक्टर नवी जमीनही त्याच वाळूची.

अशा प्रवाळ-कंकणांबद्दल डार्विनचं म्हणणं होतं की तळ खाली बसत जातो आणि प्रवाळ वर वाढत राहतं. ते तपासायला रॉयल सोसायटीनं 1896 ते 1898 या काळात इथेच बोअर घेतलं. तीनशे मीटरांच्या खालीही प्रवाळाचाच चुनखडक लागला. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर 1971 ते 2014 या काळात तुवालूची जमीन 2.9 टक्क्यांनी वाढल्याचं आढळलं. लाटा प्रवाळाचा चुरा किनाऱ्यावर आणून टाकतात. यावरून ‘म्हणजे धोका नाहीच’ असं म्हणणारे लगेच पुढे आले. त्यांनी पुलाकाचे खड्डे पाहावेत. अळूच्याच कुळातला हा कंद गोड्या भूजलावर पोसतो, आणि त्या पाण्यात आता खार शिरतो आहे. बेट उरेल, पण त्यावर पिकेल काय?

या देशाची खरी मिळकत समुद्र आहे. महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठ्या सागरी क्षेत्रात मासेमारीचे परवाने देऊन सरकार चालतं. (इंटरनेटवरच्या ‘.टीव्ही’ या नावाचे पैसेही येतात, तो नशिबाचा भाग!) पण समुद्रावरचा हक्क किनाऱ्यापासून मोजतात. किनारा गेला तर? म्हणून तुवालूनं 2023 मध्ये आपलं राज्य कायमचं असल्याचं संविधानातच लिहिलं. ऑस्ट्रेलियाशी केलेल्या करारानं वर्षाला 280 जणांना तिकडे राहण्याची वाट मिळाली; बदल्यात इतरांशी सुरक्षा करार करताना ऑस्ट्रेलियाची संमती घ्यावी लागते. हा सौदा मला महाग वाटतो.

जुलै 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं सांगितलं की समुद्र वाढला म्हणून देशांनी सागरी सीमा नव्यानं आखायची गरज नाही, आणि भूभाग गेला म्हणून राज्य संपतंच असंही नाही. तुवालूची बाजू यानं भक्कम झाली. पण ते मत सल्ल्यापुरतं आहे, कुणावर बंधनकारक नाही.