रंध्याचं बूड

सकाळी अंबडला सुतारकाकांच्या पडवीत बसलो होतो. मत्स्योदरीच्या टेकडीवर नुकतंच ऊन आलं होतं. काकांनी नवा रंधा आणला होता. लोखंडी, अंगाला अजून तेलाचा वास असलेला. मला वाटलं, आता ते पात्याच्या धारेवर अंगठा लावून बघतील. त्यांनी रंधा उलटा केला.

"आधी बूड बघायचं, भाऊ. धार काय, रोज लावता येते."

पातं आत ओढलं. बुडावर पेन्सिलीनं आडव्या रेघा मारल्या. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर पसरून त्यावर रंधा दहा-बारा वेळा घासला. पुन्हा उलटा. दोन्ही टोकांच्या रेघा पुसल्या होत्या. पात्याच्या तोंडापाशी मात्र त्या तशाच. तेवढ्या जागी लोखंड खोलगट होतं, आणि नेमकं तिथंच ते लाकडाला टेकायला हवं. तोंडापुढं लाकूड दाबलेलं नसलं, की पातं ते तासत नाही, उपटतं.

काकांनी तक्रार केली नाही. दुकानातून आलेला रंधा अर्धाच झालेला असतो, उरलेला सुतारानं करायचा, असं ते म्हणाले आणि घासत राहिले. तास गेला असेल. एकेक रेघ पुसट होताना मी बघत होतो. नव्या माणसाशी ओळख झाली की त्याचं बोलणं किती धारदार, हेच मी आधी बघतो. तो टेकलाय कशावर, हे बघायचं राहूनच जातं.

मग पातं सहाणेवर गेलं. पात्यावरची पट्टी धारेपासून केसभर मागं बसवली. समोर सागाचा गुळगुळीत तुकडा पडला होता. काकांनी तो बाजूला सारला आणि बाभळीचा, गाठीचा घेतला.

"सागावर कोणताबी रंधा चालतो."

पहिल्याच हाताला गाठीजवळ लाकूड उपटलं. रंध्याला हात न लावता त्यांनी लाकूड फिरवून घेतलं. रेषा उलटी होती. दुसऱ्या हाताला आवाज बदलला. खरखर गेली, लांब श्वासासारखी सळसळ आली. तोंडातून साल वळत वर आली. त्यांनी ती उन्हात धरली. पलीकडची बोटं दिसत होती.

जुना रंधा शेजारीच होता. लाकडी, पाचरीचा, वडिलांच्या हातचा. वडिलांनी त्यानं गावाच्या तिफणी केल्या आणि बलुत्याचं धान्य खळ्यावरून आणलं. बूड झिजायचं, ते पुन्हा सपाट करायचे. असं करता करता तो चांगला बोटभर बुटका झाला होता.

काकांनी नव्याला तेलाचा बोळा फिरवला. धार फळीला लागू नये म्हणून त्याला कुशीवर निजवला, जुन्याच्या शेजारी.