विचारणाऱ्याचा अधिकार आणि सांगणाऱ्याचे सत्य

खोटे बोलू नये, हे आपण धर्मशिक्षणाच्या पहिल्याच वर्गात शिकतो. परंतु सगळे सत्य सगळ्यांना सांगितलेच पाहिजे काय, हा प्रश्न मात्र तिथे कोणी काढत नाही. तो पुढे केव्हातरी एखाद्या छापील अर्जातील लहानशा चौकटीच्या रूपाने समोर उभा राहतो.

अमेरिकेत शेकडो महाविद्यालयांसाठी मिळून एकच प्रवेशअर्ज भरण्याची ‘कॉमन अ‍ॅप्लिकेशन’ नावाची सोय आहे. किरकोळ वा गंभीर गुन्ह्याबद्दल आपण कधी दोषी ठरला आहात काय, असा प्रश्न त्या अर्जात २००६ पासून होता. २०१९-२० च्या प्रवेशवर्षापासून तो वगळण्यात आला. तथापि स्वतःच्या पुरवणी अर्जात तो विचारण्याची मुभा महाविद्यालयांना राहिली. आपल्या धर्मग्रामांतील काही कुटुंबे आता तिकडे स्थायिक झाली आहेत. तेव्हा ही चौकट आपल्यालाही परकी नाही.

समजा, सोळाव्या वर्षी सोबत्यांच्या नादाने एका मुलाने दुकानातून एखादी वस्तू उचलली. न्यायालयाने त्याला काही तासांची समाजसेवा करायला लावली आणि ती त्याने पूर्ण केली. आता अर्ज भरताना वडील म्हणतात, एवढ्याशा गोष्टीपायी पोराचे भवितव्य का नासवायचे? नाही म्हणून टाक. आई म्हणते, देवाला सगळे ठाऊक आहे. असेल नसेल ते लिहून मोकळा हो. दोघांच्याही मनात मायाच आहे. पण नीतिशास्त्राच्या दृष्टीने दोघांचाही तोल थोडा ढळला आहे.

वडिलांचे उत्तर संत ऑगस्टीन यांनी कधीच मान्य केले नसते. चांगल्या हेतूनेही असत्य बोलू नये, हे सांगण्यासाठी त्यांनी दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले. पुढे काही पंडितांनी एक पळवाट शोधली: तोंडाने ‘मी हे केले नाही’ म्हणायचे आणि ‘आज केले नाही’ अशी पुस्ती मनातल्या मनात जोडायची. पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ साली ही शिकवण निषिद्ध ठरवली. प्रश्न स्पष्ट असेल आणि आपली गोष्ट त्यात बसत असेल, तर ‘नाही’ हे उत्तर असत्यच होय.

आईसाठी संत थॉमस अक्वायनस यांचे विवेचन उपयोगी आहे. न्यायाधीश कायद्याच्या मर्यादेत राहून जे विचारतो, त्याचे खरे उत्तर देण्यास आरोपी बांधलेला असतो. मात्र न्यायाधीशाने ती मर्यादा ओलांडली, तर उत्तर नाकारण्याची मोकळीक आरोपीला आहे; खोटे बोलण्याची नाही. ज्याला सत्य जाणण्याचा अधिकार नाही त्याला ते सांगण्यास कोणी बांधील नाही, असे १९९२ चा कॅथलिक धर्मशिकवणीचा ग्रंथही सांगतो. म्हणून त्या मुलाने प्रथम प्रश्न अक्षरशः वाचावा. न्यायालयाने ज्या नोंदी पुसून टाकल्या वा मोहोरबंद केल्या, त्यांच्याबाबत ‘होय’ म्हणण्याची गरज नाही, असे तो जुना सामायिक अर्ज स्वतःच सांगत असे. कित्येक राज्यांत बालन्यायालयाच्या निर्णयाला कायदा ‘दोषसिद्धी’ म्हणतच नाही. अशा वेळी ‘नाही’ हेच खरे उत्तर ठरू शकते. शंका असल्यास वकिलाला विचारावे. आणि ‘होय’ लिहावे लागलेच, तर काय घडले व त्यानंतर आपण काय केले, हे चार सरळ वाक्यांत सांगावे.

परंतु सदसद्विवेकाचा सारा भार सतरा वर्षांच्या मुलावरच का टाकावा? विचारणाऱ्यालाही सदसद्विवेक असतोच. न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठाविषयी २०१५ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध झाला. गंभीर गुन्ह्याच्या चौकटीत ‘होय’ लिहिणाऱ्या दर तिघांपैकी जवळजवळ दोघांनी अर्ज अर्ध्यावरच सोडला होता. एकूण अर्जदारांत हे प्रमाण सुमारे पाचात एक होते. त्यांना कोणी नाकारले नव्हते. नुसत्या प्रश्नानेच ते खरे बोलणारे परत फिरले. सहविद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी महाविद्यालयावर असते, हे खरेच. त्या विद्यापीठाने २०१६ मध्ये मार्ग काढला तो असा: प्रवेशाच्या अर्जात हा प्रश्न नको, प्रवेश दिल्यानंतर, वसतिगृहासारख्या कामापुरता तो विचारावा.

आम्हा धर्मगुरूंना ही शिस्त परिचित आहे. पापनिवेदन ऐकताना धर्मगुरूने प्रश्न सुज्ञपणे, समोरच्याचे वय व अवस्था ओळखून विचारावेत आणि पापातील साथीदाराचे नाव विचारू नये, असे १९८३ च्या धर्मविधीसंहितेचा ९७९ वा नियम सांगतो. जिथे क्षमा द्यायची आहे, तिथेही कुतूहलाला परवानगी नाही. आपल्या देशाच्या २०१५ च्या बालन्याय कायद्यानेही मुलाला नव्याने सुरुवात करू देण्याचे तत्त्व मान्य केले आहे.

जक्कयाची कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी. यरीहोचे लोक त्याच्या पापांविषयी कुजबुजत होते. प्रभूने त्याच्याकडे कोणताही हिशेब मागितला नाही. आज तुझ्या घरी उतरायचे आहे, एवढेच सांगितले. अन्यायाने घेतलेले चौपट परत करीन, हे जक्कय त्यानंतर आपणहून बोलला. आधी दार उघडले, मग कबुली आली. मुलांनी सत्य बोलावे अशी आपली इच्छा असेल, तर त्यांना सत्य बोलणे परवडेल असे दार उघडे ठेवणे हे आपले, वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे.