धडधाकट माणसाचे वैद्याकडे काय काम?

राहुरीच्या आसपासच्या शेतकऱ्यास एक गोष्ट आता कोणी पटवून द्यावी लागत नाही. पेरणीपूर्वी शेतातील निरनिराळ्या जागांची मूठ मूठ माती घ्यावी, ती एकत्र कालवून तीतली थोडी पिशवीत भरून प्रयोगशाळेत द्यावी, आणि नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती, क्षार कितीसे चढले आहेत, हे समजून घ्यावे. येथे १९६८ साली महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हापासून हा विचार बांधाबांधावर पोहोचला आहे. जमीन काही आजारी पडलेली नसते. गतसाली तिने उसाचे पीकही बरे दिलेले असते. परंतु पाटाच्या पाण्याने आतल्या आत क्षार साचत असतात, आणि ते वर पांढरे फुटून दिसू लागले म्हणजे वेळ निघून गेलेली असते, हे शेतकरी पुरते जाणतो. त्याच शेतकऱ्यास आशाताईने म्हटले की, "दादा, तुमची चाळिशी उलटली, उपकेंद्रात येऊन रक्तदाब तेवढा पाहून घ्या," तर तो हसून उत्तर देतो, "मला काय धाड भरली आहे?"

हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आपल्या मंडळ्यांतील कोणी कोणी तर मत्तयाच्या नवव्या अध्यायातील वैद्याविषयीच्या वचनाकडे बोट दाखवून, धडधाकट माणसाने तपासणीस जाणे हे अविश्वासाचे लक्षण होय, असेही म्हणतात. त्या ठिकाणी प्रभू परूश्यांस उत्तर देत आहे, रक्तदाबाविषयी बोलत नाही. एवढे सांगून तो आक्षेप मी येथेच सोडतो. शेतकऱ्याच्या उत्तरात मात्र दुसरा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो खरोखर नीतीचा प्रश्न आहे. रोगी मनुष्य आपल्या पायांनी वैद्याकडे येतो. त्यास दुःख आहे, ते कमी व्हावे ही त्याची मागणी आहे. वैद्याने शक्य तेवढे केले आणि गुण आला नाही, तरी वैद्यावर बोल येत नाही. निरोगी मनुष्यास तर बोलावून आणावे लागते. तो रात्री सुखाने झोपत होता. त्याने काही मागितले नव्हते. त्याच्या दंडास पट्टा बांधून, बोटास सुई टोचून, "तुझ्यात अमुक दोष आहे" असे त्यास सांगणे, म्हणजे त्याच्या झोपेत हात घालणे होय. ज्याने बोलावले, त्याने पुढे काय देणे लागते? मातीच्या परीक्षेत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण मातीस भीती वाटत नाही.

आपल्या लोकांच्या मनात तपासणीविषयी जो संशय आहे, त्यास जुनी मुळेही आहेत. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि प्लेगच्या दिवसांत पुण्यास शिपाई घरोघर शिरून निरोगी माणसांची तपासणी करू लागले. रेल्वेच्या स्थानकांवर उतारूंस रांगेत उभे करून काखा व जांघा चाचपून पाहत. जे धडधाकट होते त्यांसही घरात रोगी निघाल्यास छावणीत नेत. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रातून स्त्रियांच्या होणाऱ्या दुर्दशेविषयी तक्रार केली होती, आणि २२ जूनच्या रात्री रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली. त्या तपासणीत ज्याचा देह पाहिला जाई, त्याच्या हिताचा विचार थोडाच होता. शेजाऱ्यांस त्याच्यापासून वाचवावे, हा मुख्य हेतू. हेतू वाईट नव्हता. परंतु ज्याला तपासले, तो संशयित ठरला.

आजची तपासणी वेगळी आहे. ती ज्याची त्याच्यासाठी आहे, असे सांगितले जाते. निरनिराळ्या राष्ट्रांनी ती निरनिराळ्या रीतीने चालविली आहे, आणि त्यांच्या अनुभवावरून पुष्कळ शिकण्याजोगे आहे. इंग्लंडात १९४८ च्या जुलैपासून सर्वांस विनामूल्य वैद्यकीय सेवा आहे. तेथे २००९ पासून चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या माणसांस दर पाच वर्षांनी बोलावणे धाडतात व त्यांचा रक्तदाब, रक्तातील मेद वगैरे पाहतात. जपानात २००८ पासून ह्याच वयाच्या लोकांची तपासणी विमा चालविणाऱ्या संस्थांवर बंधनकारक केली आहे, आणि तेथे कमरेचा घेरही मोजतात: पुरुषाचा पंच्याऐंशी सेंटिमीटरपर्यंत, स्त्रीचा नव्वदपर्यंत चालतो, त्यापुढे गेला तर दखल घ्यावयाची! अमेरिकेत सर्वांसाठी सरकारी सेवा नाही. तथापि २०१० च्या कायद्याने बहुतेक विमेदारांस ठरावीक प्रतिबंधक तपासण्या फुकट मिळू लागल्या.

इतका खर्च करून माणसे अधिक जगतात काय? डेन्मार्कातील लोकांनी हे प्रामाणिकपणे पडताळून पाहिले. कोपनहेगनच्या भागातील तीस ते साठ वर्षे वयाच्या ५९,६१६ माणसांपैकी काहींस १९९९ पासून बोलावून तपासले, त्यांस आहारविहाराविषयी पाच वर्षे उपदेश केला. बाकीच्यांस बोलावले नाही. दहा वर्षांनी हिशेब मांडला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. हृदयविकार, पक्षाघात, मृत्यू, कशातही दोन्ही गटांत फरक दिसला नाही. सरसकट सगळे काही पाहणाऱ्या तपासणीचे फळ असे निघाले. अर्थात तेथे एखाद्यास आजार झाल्यास डॉक्टर हाताशी असतो, हे आपण विसरू नये. आमच्या वाडीवस्तीवरील माणसास तीच गोष्ट जशीच्या तशी लागू होईल, असे मी म्हणणार नाही.

दक्षिण कोरियाची हकीकत ह्याहून विचार करावयास लावणारी आहे. तेथे १९९९ साली सरकारने काही कर्करोगांसाठी तपासणी सुरू केली. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी त्या यादीत नव्हती. परंतु माणूस आलाच आहे तर थोड्याशा पैशांत गळ्याचीही सोनोग्राफी करून घ्यावी, असे दवाखाने सुचवू लागले व लोकही करू लागले. २०११ साली थायरॉइडच्या कर्करोगाचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले. त्या रोगाने मरणाऱ्यांची संख्या मात्र होती तेवढीच राहिली. म्हणजे जे बारीक डाग आयुष्यभर निजून राहिले असते, ते शोधून काढले, जवळजवळ सर्वांच्या गळ्यावर शस्त्र चालले, आणि पुष्कळांच्या मागे जन्माची गोळी लागली. २०१४ साली तेथील काही डॉक्टरांनीच जाहीरपणे लोकांस सावध केले, तेव्हा त्या शस्त्रक्रिया झपाट्याने उतरल्या. आपल्याकडे आता शहरांतून 'संपूर्ण शरीराची तपासणी' अशी पॅकेजे विकतात, आणि पोरेसोरे आईबापांस ती भेट म्हणून देतात. त्यांनी हे वाचावे.

तर मग तपासणी व्यर्थ म्हणावी काय? नाही, आणि ह्याचा पुरावा आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. आपल्या नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, आग्नेयेस धाराशिव जिल्हा लागतो. २०२३ पर्यंत त्यास उस्मानाबाद म्हणत. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हा तेथील खेड्यांतील बायांचा मोठा वैरी. हा रोग एका विषाणूपासून उद्भवतो, आणि विषाणू शिरल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो. एवढ्या अवधीत बाईस काही दुखत नाही, खुपत नाही. अंगावरून रक्त जाऊ लागले व ती लाज सोडून कोणास सांगू लागली, म्हणजे पुष्कळदा उपाय हरलेला असतो. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्था ह्यांनी मिळून १९९९ साली एक मोठे काम आरंभिले. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची नावे नोंदली. गावांचे बावन्न गट पाडले, आणि चिठ्ठ्या टाकाव्या तसे त्यांचे चार भाग केले. एका भागातील स्त्रियांची विषाणूसाठी तपासणी केली. दुसऱ्या भागात पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. तिसऱ्यात गर्भाशयाच्या मुखास पातळ ॲसिटिक आम्ल, म्हणजे शिरक्याचाच अंश, लावून डोळ्यांनी पाहिले. आणि चौथ्या भागातील ३१,४८८ स्त्रियांस तपासणीस बोलावलेच नाही. त्यांस रोगाविषयी माहिती दिली व उपचार कोठे मिळतो हे सांगितले, एवढेच.

आठ वर्षांनी पाहिले. ज्यांची विषाणूसाठी एकदाच, आयुष्यात एकदाच, तपासणी झाली होती, त्यांच्यात ह्या रोगाने चौतीस स्त्रिया मेल्या. ज्यांस बोलावले नव्हते, त्यांच्यात चौसष्ट. इतर दोन रीतींनी त्या जिल्ह्यात मृत्यू म्हणण्यासारखे घटले नाहीत. हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. डेन्मार्कात वर्षानुवर्षे सगळे पाहून जे साधले नाही, ते येथे एकच गोष्ट एकदाच पाहून साधले. असे का? मला वाटते, त्याची कारणे उघड आहेत. शोधावयाचा रोग एकच व निश्चित होता. तो सापडला असता करावयाचा उपाय ठाऊक होता. आणि मुख्य म्हणजे, जिच्यात दोष सापडला तिला "पुढचे तुझे तू पाहा" म्हणून घरी धाडले नाही. पुढची परीक्षा व उपचार करणारी माणसे कामाच्या योजनेतच होती.

परंतु त्या चौसष्ट जणींचे काय? ह्या प्रयोगावर पुढे कडक टीका झाली, आणि ती ऐकून घेतली पाहिजे. श्रीमंत देशांत तपासणीने हा रोग हटतो हे ठाऊक असताना, एकतीस हजार स्त्रियांस तपासणीवाचून ठेवून त्यांचे मृत्यू मोजणे न्याय्य होते काय, असे टीकाकार विचारतात. करणारे म्हणतात, त्या भागात तपासणीची काही सोयच नव्हती. देशाने सर्वांस जे दिले होते तेच त्यांस मिळाले, आणि कोणती रीत आपल्या खेड्यांत चालेल हे कळण्यास दुसरा मार्ग नव्हता. दोन्ही बाजूंस वजन आहे. तरीही माझ्या मनाचा कल सांगतो. ज्या बाईचे नाव कोणाच्याच वहीत नाही, तिच्याविषयी आपण सर्व सारखेच दोषी, म्हणजे व्यवहारात कोणीच दोषी नाही. पण जिच्या दारी जाऊन नाव, वय, मुलेबाळे लिहून घेतली, ती अनोळखी राहत नाही. नाव लिहिणाऱ्याने तिचे काही देणे अंगावर घेतले. ते देणे डॉक्टरांपेक्षाही सरकारवर अधिक पडते, कारण ज्ञान हाती आल्यावर ते वापरणे सरकारच्या हातात होते. आणि झाले काय? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ज्यांची ही तपासणी कधीतरी झाली होती त्यांचे प्रमाण शेकडा १.९ निघाले. धाराशिवच्या स्त्रियांनी जे शिकविले, ते दहा वर्षांनंतरही शंभरांतल्या दोघींच्या वाट्यास धड आले नव्हते.

दुसरीकडे ह्याच रोगाच्या नावाने काय घडले, तेही राहुरीच्या वाचकांस ठाऊक असावे, कारण ते लोक आपल्याच कारखान्यांच्या तोडीवर येतात. बीडकडची जोडपी मुकादमाकडून उचल घेतात. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात. एक दिवस खाडा झाला तर दंड बसतो. अंगावरून जाते, पोटात दुखते, म्हणून अशी बाई दवाखान्यात गेली असता तिला सोनोग्राफी दाखवून "पिशवी काढा, नाहीतर कर्करोग होईल" असे सांगितल्याच्या तक्रारी उठल्या. २०१९ साली नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यानंतर त्या जिल्ह्यात खासगी दवाखान्यास अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम झाला. येथे रोगाचे नाव तेच, बाईही तशीच गरीब. भेद एवढाच की, धाराशिवास जे सापडले त्याचा उपाय केला, आणि येथे जे सापडले नव्हते त्याची भीती विकली.

आता सरकारने तिशीवरील सर्वांसाठी रक्तदाब, मधुमेह, आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख ह्यांचे कर्करोग, अशी पाच गोष्टींची तपासणी योजली आहे. आशाताई घरोघर पत्रक भरते, तंबाखू-मिश्रीची सवय विचारते, कमरेचा घेर मोजते. ही यादी मला विवेकाची वाटते. तीत सगळे शरीर चाळून पाहण्याचा हव्यास नाही. उंचावलेला रक्तदाब दुखत नाही, आणि त्यावरील गोळी स्वस्त आहे. तोंडातील पांढरा चट्टा पाहण्यास बॅटरीचा उजेड पुरतो. पण पत्रक भरले, आकडा लिहिला, तालुक्यास कळविला आणि काम संपले, असे जेथे होते तेथे शेतकऱ्याचे "मला काय धाड भरली आहे" हेच उत्तर अधिक शहाणपणाचे ठरते.

असे होऊ नये ह्याची रीत आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉक्टर रजनीकांत व मेबल आरोळे ह्या दांपत्याने १९७० पासून घालून दिली. त्यांनी गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर अशा बायांस शिकवून आरोग्यसेविका केले. ती बाई पोरांची वजने घेई, गरोदर बाईस तपाशी. आणि जिचे वजन घटलेले दिसले तिच्या दारी दुसऱ्या दिवशी तीच बाई पुन्हा उभी राही, कारण ती शेजारीणच होती. १९७९ साली त्या उभयतांस मॅगसेसे पारितोषिक मिळाले, ते ठीकच झाले. माझ्या मते त्या दुसऱ्या दिवशीच्या फेरीचे मोल त्याहून मोठे आहे.

आपल्या मंडळ्यांकडे शिबिरासाठी मंदिराची ओसरी मागण्यास लोक येतात. ओसरी आनंदाने द्यावी. तत्पूर्वी सुवार्तिकबंधूंनी व मंडळीतील वडील माणसांनी येणाऱ्यास काही विचारून घ्यावे. काय पाहणार, आणि तेच का? दोष निघाला तर औषध कोठे, किती दिवस, कोणाच्या पैशाने? राहुरीच्या रुग्णालयात किंवा नगरास जावे लागले, तर रोजगार बुडवून बाईबरोबर कोण जाईल? कागद तिच्या हाती देणार की तुमच्यापाशी ठेवणार? शस्त्रक्रिया सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्यास थांबाल काय? आणि पुढच्या महिन्यात गोळ्या संपल्या म्हणजे ह्या ओसरीवर पुन्हा कोण येणार आहे, त्याचे नाव त्याच दिवशी वहीत लिहून घ्यावे.