खेळातली गाडी आणि लीला
बागेतल्या छोट्या रेल्वेतून कोणी कुठे जात नाही. बहुधा 45 मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरून ती निघाल्या जागीच परतते. हौशी मंडळी रूळ पुसतात, झुडपे छाटतात, पुलांची डागडुजी करतात. या निष्फळ श्रमांना प्रयोजन कोणते? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात जगाच्या निर्मितीबद्दल हीच शंका येते. उत्तर आहे, लीला. भाष्यात शंकराचार्य सर्व इच्छा पुरलेल्या राजाच्या क्रीडेचा दाखला देतात. हौशी माणूस मात्र पूर्णकाम नसतो, त्याला कौतुक हवेच असते. तेव्हा दाखला अर्धाच लागू पडतो.

पेणच्या कारखान्यांतली शाडूची गणेशमूर्ती या खेळातल्या गाडीहून निराळी. प्रतिकृतीला मूळ गाडीचे प्रमाण सोडता येत नाही, मूर्तीला तसे बंधन नाही. प्राणप्रतिष्ठेपूर्वी ती माती, विसर्जनानंतरही माती. मधल्या दिवसांत देव. छोट्या इंजिनाला असा विधी नाही, वीज पुरते.

श्रमांच्या प्रयोजनाचे आणखी एक उत्तर आहे. रोह्यात 1920 साली जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या विचारात श्रमालाच भक्तीचे स्थान मिळाले. त्यांच्या स्वाध्याय परिवाराच्या योगेश्वर कृषीत गावकरी पाळीपाळीने शेतात राबतात. त्या पिकावर कोणा एकाची मालकी नसते. ते देवाचे मानून गरजूंना प्रसाद म्हणून दिले जाते.