फसलेल्याचा अपराध कोणता?

घरफोडी झाली की सारे गाव गोळा होते. ज्याचे घर फुटले त्याला कोणी चहा आणून देतो, कोणी पोलीस ठाण्यापर्यंत सोबत करतो. 'कुलूपच असे कसे घेतलेस?' असे त्याला सहसा कोणी विचारीत नाही. परंतु त्याच माणसाचे पैसे मोबाईलच्या वाटेने गेले, तर पहिला प्रश्न त्यालाच केला जातो: 'तू ओटीपी सांगितलासच कसा?' चोर दूर राहतो आणि लुबाडला गेलेला मनुष्यच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला जातो. फसणे हा दोष आहे काय? ह्या प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळ घरांची शांती अवलंबून आहे. म्हणून त्याचा नीट विचार व्हावयास हवा.

निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावीही आता शेतमालाचे पैसे, निवृत्तिवेतन, शासकीय अनुदान, मुलांनी पुण्याहून पाठविलेली रक्कम, सारे बँकेच्या खात्यात जमा होते. त्यामुळे चोराला वेशीत शिरण्याची गरज उरलेली नाही. तो कधी भीतीच्या दाराने येतो: 'आज रात्री तुमची वीज तोडली जाईल', 'तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले असून तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे.' अशी अटक भारतीय कायद्यात नाहीच. तरीही पडद्यावर गणवेश दिसला की भल्याभल्यांचा धीर सुटतो. कधी तो गरजेच्या दाराने येतो: शेतकरी योजनेच्या नावाने एपीके फाईल पाठवितो आणि ती मोबाईलमध्ये बसविली की आपले संदेश त्याला वाचता येऊ लागतात. कधी 'पैसे पाठवितो, पिन टाका' म्हणतो. वास्तविक पैसे मिळण्यासाठी पिन लागतच नाही. कधी शेअर बाजारातील दामदुपटीचा लोभ दाखवितो, तर कधी व्हिडिओ कॉलचे चित्रण करून अब्रूवरच घाला घालतो.

ह्यात दोष सर्वस्वी भोळ्या माणसांचाच, असे म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे प्रकरण आठवावे. १९०६ साली स्थापन झालेल्या ह्या सहकारी बँकेच्या संगणक यंत्रणेत चोरटे शिरले आणि २०१८ च्या ऑगस्ट महिन्यात, ११ व १३ ह्या दोन तारखांना, त्यांनी ९४ कोटी ४२ लाख रुपये लांबविले. बनावट कार्डे वापरून २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. काही कोटी हाँगकाँगमधील एका खात्यात वळविले गेले. ह्यासाठी कोणाही खातेदाराला फोनवर फसवावे लागले नाही. जेथे जाणकार माणसे व पहारे असतात, तेथेही चोरी होऊ शकली. मग सत्तरीच्या आजीबाईंना मूर्ख ठरविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

ह्याच प्रकरणाची दुसरी बाजू अधिक विचार करावयास लावणारी आहे. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले. बनावट कार्डे घेऊन यंत्रासमोर उभे राहिलेले हात त्यांत होते. ही सारी योजना रचणारे मेंदू दूर असतात. परंतु त्यांना स्थानिक हात लागतात, आणि लुबाडलेली रक्कम जिरविण्यासाठी कोणाचे तरी खाते लागते. काही हजार रुपयांच्या मोबदल्यात पासबुक व कार्ड दुसऱ्याच्या स्वाधीन करणारा तरुण म्हणतो, 'मी कोणाला फसविले नाही, फक्त खाते दिले.' चोरीचा माल ठेवण्यासाठी आपली कोठी भाड्याने देणारा निर्दोष असतो काय? पैसे कोठून येतात हे ज्याला ठाऊक आहे, किंवा जो मुद्दामच विचारीत नाही, तो त्या पापाचा भागीदार आहे. तेव्हा आपण बोट दाखवितो ते चुकीच्या दिशेने.

नीतिशास्त्राची जुनी शिकवण अशी की, दोषासाठी जाणीव लागते आणि स्वेच्छा लागते. कपटाने मिळविलेली संमती ही संमतीच नव्हे. ज्याने पोलीस समजून चोराला पैसे दिले, त्याने ते दिले नाहीत. त्याच्याकडून ते घेतले गेले. ह्यावर कोणी म्हणेल, 'पण सावध राहणे हे कर्तव्य नाही काय? आणि जो लोभाने फसला त्याचे काय?' आक्षेप रास्त आहे. विवेक हा सद्गुणच आहे, आणि तो आधी शिकवायचा असतो. परंतु जो धडा काल द्यावयास हवा होता, तो आज शिक्षा म्हणून देणे न्याय्य नव्हे. लोभी माणसाला लोभाबद्दल जाब विचारता येईल. पण त्याचा घामाचा पैसा चोराचा होत नाही.

शिवाय आपल्या टोमण्यांचे एक अतिशय व्यावहारिक दुष्परिणाम आहेत. १९३० ह्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदविली, तर पैसा पुढच्या खात्यांतून निसटण्यापूर्वी गोठविता येण्याची शक्यता असते. घटकाघटकाने ती शक्यता ओसरते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाचेही तत्त्व असे की, ग्राहकाच्या हलगर्जीपणाने नुकसान झाले तरी त्याने बँकेला कळविल्यानंतरचे नुकसान बँकेचे. म्हणजे बोलणे हेच औषध आहे; आणि लाज नेमके तेच बंद करते. 'मुलगा काय म्हणेल, सून काय म्हणेल' ह्या धास्तीने बाप दोन दिवस गप्प बसतो. ते दोन दिवस चोराला आपणच बहाल केलेले असतात. चित्रफितीच्या धमकीने एकाकी पडलेल्या तरुणाच्या बाबतीत तर हे मौन जिवावरही बेतू शकते.

संत लूकच्या शुभवर्तमानातील यरीहोच्या वाटेवरचा तो जखमी प्रवासी आठवा. शोमरोनी माणसाने त्याला उचलले, त्याच्या जखमा बांधल्या. 'ह्या वाटेने एकटा का आलास?' असे त्याने विचारल्याचे त्या कथेत कोठेही नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर औसा-निलंगा भागातील माणसांनी कधी न पाहिलेल्या लोकांच्या हातून अन्न घेतले, औषध घेतले, अंगावर पांघरूण घेतले. परक्या माणसावर विश्वास टाकता येणे ही केवढी मोठी संपत्ती आहे, हे आपल्या भागाइतके कोणाला ठाऊक असणार? सायबर चोर रुपयांबरोबर तीच संपत्ती नेतो. रुपये परत येतील वा न येतील. ती मात्र घरातल्यांना परत देता येते. म्हणून ज्या संध्याकाळी आपल्या घरातले कोणी खाली मान घालून 'एक चूक झाली' असे सांगेल, त्या संध्याकाळी 'कसे' आणि 'का' हे प्रश्न बाजूला ठेवावेत, १९३० हा क्रमांक लावून द्यावा, आणि उत्तर मिळेपर्यंत त्याच्याजवळ बसावे.