थांबलेल्या पेशींचं काय करायचं?

मार्च २०१७मध्ये रॉटरडॅमच्या इरॅस्मस वैद्यकीय केंद्रातल्या पीटर डी कायझर आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘सेल’ या नियतकालिकात आला. त्यातल्या म्हाताऱ्या उंदरांच्या अंगावर पुन्हा केस आले होते, त्यांची मूत्रपिंडं सुधारली होती. त्यांना एक कृत्रिम पेप्टाइड टोचलं होतं, म्हणजे प्रयोगशाळेत जोडलेली अमिनो आम्लांची छोटी साखळी. नाव फॉक्सो-४-डीआरआय. वार्धक्य मागे फिरवता येईल, ही आशा तेव्हापासून पुष्कळांच्या मनात घर करून आहे. मला त्या केसांपेक्षा पेशीच्या आत जे घडलं, ते जास्त विचार करायला लावतं.

माणसाची पेशी अमर्याद विभागत नाही, हे लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१मध्ये दाखवलं. साधारण पन्नास विभाजनांनंतर ती थांबते. गुणसूत्रांना इजा झाली तर त्याआधीही थांबते. हे थांबणं फार शहाणपणाचं आहे, कारण इजा झालेली पेशी विभागत राहिली तर पुढे कर्करोगाची वाट मोकळी होते. पण थांबलेली पेशी मरत नाही. ती आहे तिथेच राहते आणि दाह वाढवणारी द्रव्यं आजूबाजूला सोडत राहते. तरुण शरीर अशा पेशींची विल्हेवाट लावतं. वयाबरोबर ते काम मागे पडतं आणि त्या साठत जातात.

अशा पेशीला संपवू शकणारं पी-५३ हे प्रथिन तिच्यातच असतं. फॉक्सो-४ हे दुसरं प्रथिन त्याला केंद्रकात धरून ठेवतं. रॉटरडॅमच्या पेप्टाइडने नेमकी ही पकड सोडवली. फॉक्सो-४च्या एका तुकड्याचं सोंग घेऊन ते मध्ये शिरतं, पी-५३ सुटून केंद्रकाबाहेर पडतं आणि पेशी स्वतःला संपवते. उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात बसू नये, तशी या साखळीतली अमिनो आम्लं नेहमीच्या रूपाच्या उलट आहेत, क्रमही उलटा. म्हणून शरीरातल्या विकरांना ते लवकर तोडता येत नाही. निरोगी पेशींना त्याचा फारसा धक्का बसला नाही, हे या कामाचं खरं यश. माणसाच्या बुद्धीचा अभिमान वाटावा, असं हे काम आहे.

तरीही थांबलेली पेशी म्हणजे निव्वळ कचरा, हे म्हणणं मला पटत नाही. कॅलिफोर्नियातल्या बक संस्थेत ज्युडिथ कँपिसी यांच्या गटाने २०१४मध्ये दाखवलं, की जखम होताच तिथे काही पेशी अशा थांबतात आणि जखम भरायला मदत करणारं द्रव्य सोडतात. उंदरांमधून त्या काढून टाकल्या, तर जखम उशिरा भरली. २०२०मध्ये फ्रान्समधल्या एका गटाला उंदरांच्या यकृतातल्या रक्तवाहिन्यांत अशाच पेशी आढळल्या. त्या नष्ट केल्यावर त्यांची जागा नव्या पेशींनी घेतली नाही, तिथे चट्टे पडले आणि उंदरांची प्रकृती ढासळली. म्हणजे कोणती पेशी काढायची, कुठली, कधी आणि किती, हे कळल्याशिवाय काढणं हा जुगार आहे.

आणि तो जुगार आज चालू आहे. फॉक्सो-४-डीआरआयसारखी पेप्टाइडं इंटरनेटवर पांढऱ्या भुकटीच्या इवल्याशा बाटल्यांत मिळतात. रबरी बूच, वर चिठ्ठी: फक्त संशोधनासाठी, माणसांनी वापरू नये. घेणारा ती निर्जंतुक पाण्यात विरघळवतो आणि इन्सुलिनच्या सिरिंजने पोटाच्या कातडीखाली टोचून घेतो. आत नेमकं काय आहे, किती शुद्ध आहे, हे तपासण्याचं साधन त्याच्याकडे नसतं. आई-वडिलांना अंथरुणाला खिळलेलं पाहिलेल्या माणसाला ही घाई का होते, हे मी समजू शकतो. पण दोन महिन्यांनी ‘बरं वाटतंय’ म्हणताना त्याला स्वतःलाही काही कळलेलं नसतं.

याचा दाखला गुडघ्यांच्या एका चाचणीत आहे. युनिटी बायोटेक्नॉलॉजी या अमेरिकी कंपनीने थांबलेल्या पेशी मारणारं एक औषध संधिवाताच्या १८३ रुग्णांच्या गुडघ्यांत देऊन पाहिलं. ते पेप्टाइड नव्हतं, तरी निशाणा तोच होता. २०२०मध्ये निकाल आला. बारा आठवड्यांत औषध घेतलेल्यांच्या वेदना कमी झाल्या होत्या, आणि बिनऔषधाची सुई घेतलेल्यांच्याही जवळपास तितक्याच. तो दुसरा गट नसता तर औषध लागू पडलं, असंच सगळ्यांनी शपथेवर सांगितलं असतं.

सरळ वाटेने गेलेलं पेप्टाइडही आहे. एलामिप्रेटाइड पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या आतल्या पडद्याला चिकटतं आणि त्याला आधार देतं. म्हातारपणावरचा उपाय म्हणून त्याच्याकडे पुष्कळांचे डोळे लागले होते. त्याला अमेरिकेत सप्टेंबर २०२५मध्ये मान्यता मिळाली ती बार्थ सिंड्रोम या अतिशय दुर्मीळ आजारासाठी. हृदय आणि स्नायू दुबळे करणारा हा आनुवंशिक आजार प्रामुख्याने मुलग्यांना होतो. त्याच वर्षी आधी एकदा नकार मिळाला होता. मान्यतेचा आधार होता गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंची मोजलेली ताकद, आणि फायद्याचा आणखी पुरावा देण्याची अट अजून कंपनीच्या डोक्यावर आहेच.

अशीच मोजणी सत्तरी ओलांडलेल्या माणसांवर व्हायला हवी: खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येतं का, मूत्रपिंडं किती काम करतात. बाजार ती आपणहून करणार नाही, म्हणून ती सार्वजनिक पैशाने व्हावी, आणि तिचे निकाल, फसलेले धरून, सगळ्यांसमोर यावेत. आणि तिच्या तक्त्यात साधी खरचटलेली जखम भरायला किती दिवस लागले, याचाही एक रकाना हवा.